थंड रात्र, हलकी जमीन आणि तांबडा द्राक्षारस

(महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत वाचलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं आज अधिकारी वक्त्यांनीं पुष्कळ सांगितलें आहे. त्यांत भर घालण्याचें सामर्थ्य आमच्या अंगीं नाहीं. मंडळानें आम्हांवर जो विषय सोंपविला तो प्रथम ऐकतांना आपणांस थोडा विलक्षण वाटेल. तांबड्या द्राक्षारसास रंग, तुरटपणा, वास व चव हे गुण कोठून येतात, आणि त्यांत थंड हवेचा व जमिनीचा वांटा किती, हा तो विषय. ठाणें आणि कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेंत जन्म काढणाऱ्यांना थंड हवेशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु ज्या वस्तूवांचून आपल्या वेदीवरील मिस्सा होत नाहीं, आणि जी नाताळांत आपण पाहुण्यांपुढें आनंदानें ठेवतों, तिची मूळ हकीकत आपणांस ठाऊक असावी, एवढ्याच हेतूनें आम्ही उभे आहों.

आपल्या या भागांत द्राक्षारसाची उणीव फार जुनी आहे. १३२१ सालीं ठाण्यास तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती यांना हौतात्म्य आलें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांच्याबरोबर या देशांत उतरलेले जॉर्डन नांवाचे डोमिनिकन धर्मगुरु त्या वेळीं ठाण्यांत नव्हते, म्हणून वांचले. पुढें त्यांनीं या देशाचें वर्णन लिहिलें. त्यांत ते सांगतात कीं, इकडे द्राक्षवेली थोड्या, लोक द्राक्षें ताजींच खातात, त्यांचा द्राक्षारस करीत नाहींत, आणि त्याची जागा झाडांपासून काढलेला रस भरून काढतो. सातशें वर्षें होऊन गेलीं, तरी आपल्या किनाऱ्यावर ताड-माड उभे आहेत आणि द्राक्षाची बाग नाहीं. हें असें कां, याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपण आपोआप आपल्या विषयाच्या पोटांत शिरतों.

प्रथम एक साधा प्रयोग. काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत धरून चिरडावा. आंतून निघणारा रस बहुतेक जातींत पाण्यासारखा फिकट असतो. रंग असतो तो सालींत. पांढरा द्राक्षारस करतांना रस पिळून घेऊन साल लगेच वेगळी करतात. तांबडा करतांना साल व बिया रसाबरोबरच आंबूं देतात. त्यामुळें तांबड्याचा रंग, जीभ आंवळणारा तुरटपणा आणि पुष्कळसा सुवास हीं सर्व सालीचीं व बियांचीं देणीं होत. तांबड्या द्राक्षारसाच्या गुणदोषांचा विचार करावयाचा तर सालीचा विचार करावा लागतो. आणि हवा व पाणी यांत थोडाही फरक पडला तरी तो सालीवर लगेच उमटतो.

याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं दिंडोरी तालुक्यांतील एका बागेंतून काळ्या द्राक्षाचें कलम आणून आम्हीं डोंबिवलीस घराच्या अंगणांत लावलें. खतपाण्यांत कसूर केली नाहीं. वेल मांडवभर पसरला, पानें तळहातापेक्षां मोठीं झालीं, शेजारी कौतुक करूं लागले. पावसाळा आला, पानांवर केवडा पडला आणि निम्मीं पानें गळून गेलीं. दुसऱ्या वर्षीं उन्हाळ्याच्या तोंडीं पांच-सहा घड धरले. पण मणी पिकले तरी काळे होईनात. कांहीं हिरवट, कांहीं तपकिरी, कांहीं फिकट गुलाबी, असे एकाच घडांत तीन रंग. चव गोड होती, परंतु त्या गोडीच्या मागें आंबटपणाचें बळ नव्हतें. आम्हांस वाटलें, कलम फसवें निघालें. पुढें एका फेब्रुवारींत आमच्यापैकीं कांहीं जण त्याच बागेंत गेलों, तेव्हां आमच्या वेलाचे सख्खे भाऊ जांभळ्या-काळ्या घडांनीं वांकलेले पाहिले. दोष कलमाचा नव्हता. त्या वेलांच्या आणि आमच्या वेलाच्या मध्यें सह्याद्रीचा घाट होता.

कल्याण स्टेशनाहून दोन लोहमार्ग फुटतात, एक कर्जतकडे व दुसरा कसाऱ्याकडे, हें येथें बसलेल्या मुलांनाही ठाऊक आहे. १८५४ सालीं कल्याणपर्यंत आलेली आगगाडी १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस पोंचली. कसारा ते इगतपुरी हें अंतर सुमारें १६ किलोमीटरांचें. परंतु तेवढा चढ संपला कीं आपण समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर असतों. पावसाळी ढग आपला भार येथेंच उतरवितात. ठाण्यास वर्षाला २५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीस ३००० हून अधिक. आणि तेथून पन्नासएक किलोमीटर पुढें गेलें म्हणजे नाशिकास तो ७०० च्या आसपास उरतो. ढग मागें राहिले, हवा कोरडी झाली. आणि कोरड्या हवेंत तापलेली जमीन रात्रीं लवकर निवते. जानेवारींत नाशिकास दुपारीं २८-३० अंश सेल्सिअस ऊन असतें आणि पहांटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो. निफाडाकडे तो कधीं कधीं ५ अंशांच्याही खालीं जातो. आपल्या येथें समुद्राची व खाडीची वाफ गोधडीसारखी रात्रभर अंगावर असते. पारा १६-१७ अंशांवर आला कीं आपण शाली शोधूं लागतों.

आतां ही थंड रात्र द्राक्षावर काय करते तें पाहूं. दिवसा उन्हांत पानें साखर तयार करतात व ती मण्यांत सांठते. तेवढ्यासाठीं ऊन हवेंच. परंतु मणी रात्रींही श्वास घेतो, आणि पिकूं लागलेल्या मण्याच्या या श्वासोच्छ्वासांत त्यांतील मॅलिक आम्ल खर्च होतें. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा तो याच आम्लाचा. रात्र उष्ण असली तर हा खर्च भराभर होतो. थंड असली तर आम्ल शिल्लक राहतें, आणि द्राक्षारसाची तरतरी टिकते. सालींत रंगद्रव्य तयार होण्याचें कामही अति उष्णतेंत मंदावतें, व जो रंग चढला तोही झिजतो. आमच्या अंगणांतील घड फिकट राहिले याचें कारण हेंच. शिवाय उष्ण प्रदेशांत साखर धांवत पुढें जाते आणि सालीचें व बियांचें पिकणें मागें रेंगाळतें. गोडीवरून तोडणीची वेळ झालीसें वाटतें, पण तुरटपणा अजून कच्चा व खरखरीत असतो. सावकाश पिकलेल्या फळांत हीं दोन्हीं पिकणीं जवळजवळ बरोबर येतात.

म्हणून थंड प्रदेशाचा तांबडा द्राक्षारस सामान्यतः अंगानें हलका, चवीस तरतरीत, मद्यार्कानें कमी आणि ताज्या फळांच्या वासाचा असतो. उष्ण प्रदेशाचा दाट, भरदार, मुरांब्याच्या वासाचा व मद्यार्कानें अधिक असतो. थंडीचेंही प्रमाण आहे. ती फारच झाली आणि फळ पुरतें पिकलें नाहीं, तर काबर्ने सोव्हिन्यों जातींत हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास राहून जातो. शिराझ जातींत थंडीची खूण काळ्या मिरीच्या वासानें पटते. हा वास ज्या द्रव्यामुळें येतो त्यास रोटंडोन म्हणतात; ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं त्याचा शोध २००८ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या मसाल्याच्या डब्यांतील मिरीचा वासही याच द्रव्याचा आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाशिक कांहीं थंड देशांत मोडत नाहीं. तें विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांवर आहे. तांबड्या द्राक्षारसासाठीं जगांत नांवाजलेला फ्रान्सांतील बर्गंडी प्रांत ४७ अंशांवर आहे. बर्गंडींत वेल हिवाळ्यांत पानें गाळून झोंपी जातो, वसंतांत फुटतो, आणि सप्टेंबरच्या सुमारास, दिवस लहान व गार होत असतां, त्याचें फळ पिकतें. नाशिकास वेल झोंपतच नाहीं. तेव्हां तेथील शेतकऱ्यानें वर्षांतून दोन छाटण्यांची रीत धरली. एप्रिलांत खरड छाटणी करावयाची, तिनें फळ धरणारी काडी तयार होते. पाऊस ओसरतांना, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, गोडी छाटणी करावयाची, तिनें घड येतात. पावसाळा पानांवर निभावून न्यावयाचा आणि फळ थंडीच्या स्वाधीन करावयाचें, असा हा हिशेब आहे. जानेवारी ते मार्च हे काढणीचे महिने. थंड देश वांट्यास आला नाहीं, म्हणून या लोकांनीं वर्षांतील थंड महिने निवडून घेतले.

त्या फेब्रुवारींत आम्ही बागेंत पोंचलों तेव्हां पुरतें उजाडलेंही नव्हतें. बायका डोक्यास फडकीं गुंडाळून, हातांत कात्री घेऊन घड उतरवीत होत्या. ऊन चढण्यापूर्वीं माल सांवलींत गेला पाहिजे, कारण तापलेला मणी फुटला तर वाटेंतच आंबूं लागतो. बागेचे मालक वयस्क गृहस्थ होते. ते आम्हांस म्हणाले, "पाहुणे, ऊन गोडी देतं, ती कुठंही मिळंल. रंग आणि वास पहाटेच्या गारव्यानं येतो. मार्च तापला, की मग आमच्या हातात काही राहत नाही." त्यांनींच थंडीचा दुसरा चेहराही दाखविला. पारा फार खालीं गेला तर मणी तडकतात. अशा रात्रीं घरचीं सगळीं माणसें बागेंत शेकोट्या पेटवून जागतात. जो गारवा रंग देतो तोच एका रात्रींत वर्षाची कमाई नेऊं शकतो.

आतां जमिनीकडे वळूं. मातीची चव मुळांवाटे चढून द्राक्षांत उतरते, ही समजूत मोठी गोड आहे. पण शास्त्र तिला आधार देत नाहीं. जमीन आपला परिणाम करते तो मुख्यतः पाण्याच्या द्वारें. दख्खनची माती काळा पाषाण झिजून झालेली आहे. नदी-ओढ्यांच्या कांठीं ती काळी, खोल व चिकण असते आणि पाणी धरून ठेवते. ऊस तींत आनंदानें वाढतो. द्राक्षवेल मात्र अशा जमिनींत पानांच्या नादीं लागतो, जसा आमचा डोंबिवलीचा वेल लागला होता. त्याचे मणी फुगतात. फुगलेल्या मण्यांत रस फार आणि त्या मानानें साल थोडी, म्हणून रंग व तुरटपणा पातळ होतो. उलट माळावरच्या मुरमाड जमिनींतून पाणी निचरून जातें. वेलास थोडी ओढ बसते, त्याची वाढ वेळेवर थांबते, आणि मणी लहान राहतात. थोड्या रसास पुष्कळ साल मिळते. खाण्याची द्राक्षें पिकविणारा मोठ्या मण्यासाठीं धडपडतो. द्राक्षारसवाल्यास लहान मणीच प्रिय.

त्या बागेंत एकाच जातीचे दोन तुकडे होते, एक ओढ्याकांठचा व एक माळावरचा. मालकांनीं दोहोंचा रस वेगवेगळ्या पेल्यांत काढून आमच्या पुढें ठेवला. ओढ्याकांठचा कोकमाच्या सरबतासारखा दिसत होता, माळावरचा पिकल्या जांभळासारखा. चाखण्यापूर्वींच आम्हांस धडा मिळाला.

हा धडा युरोपांतील संन्याशांनीं शतकांपूर्वीं गिरविला होता. १०९८ सालीं स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या संन्याशांनीं बाराव्या शतकांत बर्गंडींत वूजो येथें द्राक्षबाग धरली व पुढें तिला दगडी कुसूं घातलें. आज तें कुसूं सुमारें ५० हेक्टर जमिनीस वेढून उभें आहे. एकच कुसूं, एकच पिनो न्वार जात. तरी उतारावरच्या भागांत चुनखडीवर पातळ माती असून पाणी निचरतें, आणि रस्त्यालगतच्या खालच्या भागांत माती जड व ओली राहते. जाणते लोक वरच्या भागाचा द्राक्षारस सरस मानतात. पुढें १३९५ सालीं त्या प्रांताचा ड्यूक फिलिप यानें भरपूर पीक देणारा गामे जातीचा वेल उपटून टाकण्याचा हुकूम काढला. अधिक पीक आणि चांगला द्राक्षारस यांचें नेहमींच जुळत नाहीं, हें राज्यकर्त्यांनाही कळून चुकलें होतें. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यांत जेझुइटांनीं १८५१ सालीं सेव्हनहिल येथें वेली लावल्या त्या मिस्सेच्या द्राक्षारसासाठीं. ती बाग आजही चालू आहे.

फळ तोडलें म्हणजे थंडीचें काम संपलें, असें मात्र नाहीं. आमच्या मातोश्री नाताळासाठीं काळीं द्राक्षें, साखर व थोडे गहूं घालून चिनी मातीच्या बरणींत वाईन घालीत. ठाण्याच्या जुन्या कौलारू घरांत, जाड भिंतींच्या आड, ती दर वर्षीं साधत असे. पुढें आम्ही डोंबिवलीस वरच्या मजल्यावर राहावयास आलों. छप्पर दिवसभर तापे. त्या वर्षीं मातोश्रींनीं फडकें सोडलें आणि वास घेतांच त्या गप्प झाल्या. सगळी बरणी शिरका झाली होती. त्यांनीं द्राक्षवाल्यास दोष दिला, बरणीस दिला, शेवटीं स्वतःस दिला. शिरका लोणच्यांत गेला आणि नाताळांत पाहुण्यांस सरबत मिळालें. आज आम्हांस कळतें कीं दोष यांपैकीं कोणाचाच नव्हता. तांबडा रस आंबण्यास २५ ते ३० अंशांची ऊब ठीक असते. आंबतांना रस स्वतःही तापतो. त्यांत बाहेरची उष्णता मिळाली तर सुवास उडतो, यीस्ट थकतें, आणि उबेंत व हवेंत वाढणाऱ्या शिरक्याच्या जंतूंना मोकळें रान मिळतें. कारखान्यांतून आतां गार पाण्याच्या आवरणाचीं पोलादी पिंपें वापरतात तीं याचसाठीं. युरोपांत हें काम जमिनीखालचीं तळघरें करीत आलीं. मातोश्री गेल्यास बरींच वर्षें झालीं. हें त्यांना सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस प्रत्येक नाताळांत वाटतें.

वेदीवरील द्राक्षारसाविषयीं धर्मसभेचा नियम थोडक्यांत आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें तो नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचा आणि न बिघडलेला असला पाहिजे. तांबडाच पाहिजे असें बंधन नाहीं. वस्त्रांवर डाग पडूं नयेत म्हणून पांढराही वापरतात. परंतु "न बिघडलेला" या दोन शब्दांमागें किती पहांटा, किती छाटण्या आणि किती जागरणें असतात, याची कल्पना आम्हांस दिंडोरीस जाईपर्यंत नव्हती.

आतां शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. ज्या थंड रात्रींवर हें सारें उभें आहे त्या रात्री बदलत आहेत. बर्गंडींतील बोन या गांवीं द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ पासूनची मालिका संशोधकांनीं जुळवून २०१९ सालीं प्रसिद्ध केली. त्या मालिकेवरून दिसतें कीं १९८८ पासून तेथील तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षां सुमारें तेरा दिवस आधीं येते. फळ उन्हाळ्याच्या अधिक जवळ पिकूं लागलें आहे. इकडे नाशिकास २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारपिटीनें तयार घड झोडपले, आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस कोसळून कोंवळ्या फुटीची नासाडी झाली. ज्या शेतकऱ्यानें थंड महिने निवडून घेण्याची युक्ति काढली, त्याचे ते महिनेच आतां भरवंशाचे राहिले नाहींत. बाजारांत द्राक्षें महाग झालीं म्हणून कुरकुर करतांना आपण त्या शेकोट्यांपाशीं जागणाऱ्या माणसांची आठवण ठेवावी.

आणि एक सूचना आहे. बोनच्या तारखा आज उपलब्ध झाल्या त्या त्या गांवच्या देवळाच्या व नगराच्या जुन्या दप्तरांमुळें. तोडणीस आलेल्या मजुरांना कोणत्या दिवशीं मजुरी दिली, एवढेंच त्या कारकुनांनीं लिहून ठेवलें होतें. आपण कशाच्या उपयोगीं पडत आहों याची त्यांना कल्पनाही नसावी. आपल्या देवळांतही बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या व मृत्यूच्या वह्या आहेत. या महोत्सवाच्या वर्षापासून तेथें आणखी एक साधी वही ठेवावी: पहिला पाऊस कोणत्या दिवशीं आला, थंडी कधीं पडली, अंगणांतल्या आंब्यास मोहोर केव्हां दिसला, आणि ज्यांचें घाटावर जाणें-येणें आहे त्यांच्याकडून कळलेली द्राक्षांच्या तोडणीची तारीख. कागद व शाई यांपलीकडे त्यास खर्च नाहीं. पुढील महोत्सवास जे येथें जमतील त्यांना ती उपयोगीं पडेल.

आमचा डोंबिवलीचा वेल अजून आहे. घड फारसे येत नाहींत. सांवली मात्र चांगली देतो, आणि दुपारीं आम्ही त्याखालीं बसतों.